पाव, ०.२५ की २५ टक्के: एकातून दुसऱ्यात जाताना आकडा सांडू नये म्हणून

जुलै २०१९ मध्ये गोवा विधानसभेतल्या काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी पक्ष बदलला. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात विलीनीकरणासाठी विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती सांगितली आहे. कायद्याचा वाद बाजूला ठेवून नुसतं गणित बघा. १५ × २/३ = १०, अगदी काठावर. हेच कुणी ६६.६७ टक्के धरून केलं तर उत्तर येतं १०.०००५. म्हणजे दहा कमी पडले, अकरावा हवा! सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जण गेले. तिथे ११ × २/३ = ७.३३, सात पुरत नाहीत, आठ लागतात. ६६ टक्के धरा नाहीतर ६६.६७, उत्तर आठच येतं. चूक दोन्हीकडे तीच. पहिल्या हिशेबात ती निकाल फिरवते, दुसऱ्यात लपून राहते.

तेव्हा रूपं बदलण्याच्या रीती सोप्या असल्या, तरी एक शिस्त आधी लावून घ्यायची: हिशेब संपेपर्यंत अपूर्णांक अपूर्णांकच ठेवायचा, आणि टक्के काढायचे ते शेवटी, लोकांना सांगताना.

अपूर्णांकाचा दशांश

अंशाला छेदाने भागायचं, एवढीच रीत. पण भागाकाराला बसण्याआधी छेद १०, १०० किंवा १००० होतो का ते बघा. झाला तर कागदही लागत नाही. ७/२० ला वरखाली ५ ने गुणलं की ३५/१००, म्हणजे ०.३५. ११/२५ ला ४ ने गुणलं की ४४/१००, ०.४४. ३/८ ला १२५ ने गुणलं की ३७५/१०००, ०.३७५.

हे कधी जमतं? छेदाच्या मूळ अवयवांत २ आणि ५ सोडून दुसरं काही नसेल तेव्हा. मात्र आधी अतिसंक्षिप्त रूप द्यायला हवं. ९/१२ च्या छेदात ३ दिसतो म्हणून मुलं भागाकार मांडतात, पण तो ३/४ आहे, सरळ ०.७५. संक्षेप दिल्यावरही छेदात ३, ७, ११ असा अवयव उरला, तर दशांश संपणारच नाही. तेच अंक फिरून फिरून येतील.

५/७ करून बघू. ५ मध्ये ७ जात नाहीत: शून्य, दशांश चिन्ह, ५० घ्या. सात सत्ते ४९, उरला १. १० मध्ये एकदा, उरले ३. ३० मध्ये चारदा, उरले २. २० मध्ये दोनदा, उरले ६. ६० मध्ये आठदा, उरले ४. ४० मध्ये पाचदा, उरले ५. आणि ५ पासूनच तर आपण निघालो होतो. म्हणून ०.७१४२८५, पुढे पुन्हा ७१४२८५. बाकी परत आली की थांबायचं. सातने भागताना बाकी १ ते ६ मधलीच असू शकते, त्यामुळे सहा घरांच्या आत फेरा पूर्ण होतोच.

सगळ्यात जास्त गडबड होते ती शून्य गाळण्यात. ३/४० घ्या. ३० मध्ये ४० जात नाहीत, तिथे शून्य लिहायचा; मग ३०० मध्ये सातदा, उरले २०; २०० मध्ये पाचदा. उत्तर ०.०७५. मधला शून्य खाल्ला की ०.७५ होतं, म्हणजे पाऊण. उत्तर लिहिल्यावर एक नजर टाकली तरी हे पकडता येतं: ४० मधले ३ म्हणजे दहाव्या भागापेक्षाही कमी, ते पाऊण होईलच कसं? दुसरी चूक उलटं भागण्याची, ५ ÷ ७ ऐवजी ७ ÷ ५. अंश लहान असताना उत्तर १ च्या वर गेलं की समजायचं.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकात पूर्णांकाला हात लावू नका. २ ३/८ म्हणजे २ आणि ०.३७५, मिळून २.३७५. १९/८ करून भागलं तरी चालतं, पण उगाच लांबण.

आपल्या बोलण्यातले अपूर्णांकही इथेच मोडतात. साडेतीन ३.५, सव्वादोन २.२५, पावणेतीन २.७५. पावणेतीनचं ३.७५ लिहिणारे इंग्रजी माध्यमाच्या वर्गात दर वर्षी सापडतात, कारण पावणे म्हणजे पाव कमी हे त्यांच्या कानावरून गेलेलं नसतं. शे, हजार, लाख पुढे आले की पाव त्या एककाचा धरायचा: सव्वाशे १२५, पाऊणशे ७५, पावणेदोनशे १७५, अडीच हजार २,५००, सव्वा लाख १,२५,०००.

दशांश आणि टक्के

दशांशाचे टक्के करताना चिन्ह दोन घरं उजवीकडे, टक्क्यांचा दशांश करताना दोन घरं डावीकडे. ०.३५ म्हणजे ३५%, १.४ म्हणजे १४०%, ०.००४ म्हणजे ०.४%. घर रिकामं असेल तर तिथे शून्य भरायचा: ०.६ म्हणजे ६०%, आणि ६% म्हणजे ०.०६. या जोडीत जेवढे गुण जातात तेवढे दुसऱ्या कशात जात नसावेत.

व्यवहारात खरा खड्डा एक टक्क्याच्या खाली आहे. ‘अर्धा टक्का’ म्हणजे ०.५ नव्हे, ०.००५. ४०,००० रुपयांचा अर्धा टक्का २०० रुपये, ०.५ ने गुणलं तर २०,००० येतात. सव्वा टक्का ०.०१२५, पाव टक्का ०.००२५. ‘अर्धा’ हा शब्द ऐकून हात ०.५ कडे जातो, म्हणून टक्का हा शब्द आधी कागदावर उतरवा: ०.५%, मग दोन घरं डावीकडे.

व्याजाचंही तसंच. बँकेच्या पत्रकावरचं ‘द.सा.द.शे. ८.५’ म्हणजे दर साल दर शेकडा, वर्षाला ०.०८५ पट. खाजगीत ‘शेकडा दोन’ म्हटलं की ते बहुधा महिन्याचं असतं: सरळव्याजानेच वर्षाचे २४ टक्के. दोन्ही दर शेजारी ठेवायचे तर आधी दोन्ही वर्षाचे करून घ्या, नाहीतर दोन टक्के स्वस्त वाटतात.

टक्क्यांचा, दशांशाचा अपूर्णांक

टक्क्यांखाली १०० लिहा आणि संक्षेप द्या. ३५% = ३५/१०० = ७/२०. टक्क्यातच दशांश असेल तर वरखाली १० किंवा १०० ने गुणून तो आधी घालवा: १२.५% = १२.५/१०० = १२५/१००० = १/८. साडेसदतीस टक्के याच रीतीने ३/८ होतात. ३३ १/३ टक्क्यांना ३३/१०० म्हणू नका. ३३ १/३ म्हणजे १००/३, त्याला १०० ने भागलं की १/३.

नुसत्या दशांशात चिन्हापुढे जितके अंक, छेदात एकावर तितकी शून्यं. ४.१२५ मध्ये तीन अंक, म्हणून १२५/१०००, म्हणजे ४ १/८.

आवर्ती दशांशाला थोडं बीजगणित लागतं. ०.४५४५… ला क्ष म्हणा. दोन अंक फिरतात, म्हणून १०० ने गुणा: १००क्ष = ४५.४५४५… वजाबाकीत शेपूट उडतं, ९९क्ष = ४५, क्ष = ५/११. ०.१६६६… मध्ये १ फिरत नाही, नुसता ६ फिरतो; तिथे १००क्ष = १६.६६६… मधून १०क्ष = १.६६६… वजा करा, ९०क्ष = १५, क्ष = १/६. कॅल्क्युलेटर ०.१६६६६६७ दाखवतो तेव्हा शेवटचा ७ खरा नसतो, पडद्यावर जागा संपली म्हणून वर ढकललेला ६ असतो. तो अंक धरून अपूर्णांक करायला गेलात तर काहीतरी अक्राळविक्राळ हाती लागेल.

सोनाराकडे या तिन्ही रूपांची एकदम गाठ पडते. २२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२ भाग सोनं: २२/२४ = ११/१२ = ०.९१६६…, म्हणजे ९१.६७ टक्के. हॉलमार्कचा ९१६ हा हजारातला भाग. पुढचे सहा सोडून दिलेत. १८ कॅरेट १८/२४ = ३/४, तिथे ७५० नेमका बसतो. १४ कॅरेटचं मात्र १४/२४ = ०.५८३३, आणि शिक्का ५८५. तिथे गणित चुकलेलं नाही. मानकाने किमान शुद्धता ५८५ ठरवली आहे. कॅरेटवरून टक्के काढता येतात, पण पावती तपासताना शिक्क्यावरचा आकडा धरायचा.

आण्यांनी टक्के

आजोबा-पणजोबांकडे दशांश नव्हता तरी टक्के होते, फक्त ते सोळात मोजलेले. रुपयाचे १६ आणे. पोर्तुगीज गोव्यातल्या रुपियाचेही १६ टांगे. भारतात १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. गोव्यात १९५८ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, त्याचे १०० सेंताव. वर्षभराच्या अंतराने सीमेच्या दोन्ही बाजू शंभरीवर आल्या. बोलण्यातले आणे मात्र टिकले: ‘काम बारा आणे झालं’ म्हणजे ७५ टक्के.

तोंडी हिशेबाला ही पद्धत अजूनही तोडीची आहे, कारण ती नुसती निम्मं करत जाते. सोळा आणे १००, आठ आणे ५०, चार आणे २५, दोन आणे साडेबारा, एक आणा सव्वासहा टक्के. बाकी सगळे यांची बेरीज. ५/१६ हवा? चार आणे आणि एक आणा, २५ + ६.२५ = ३१.२५%. १४/१६ म्हणजे शंभरातून दोन आणे कमी, ८७.५%. उलटही जाता येतं. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या १४,५८,५४५ लोकांपैकी ८,१८,००८ उत्तर गोव्यात होते, ५६.०८ टक्के. नऊ आणे म्हणजे ५६.२५. ‘उत्तरेत नऊ आणे, दक्षिणेत सात आणे’ हे वाक्य त्या दोन दशांश घरांपेक्षा जास्त लक्षात राहतं, आणि फरक पाव टक्क्याहूनही कमी.

बांधकामावरचं सूत याच कुळातलं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. तीन सूत ३/८ इंच, ९.५२५ मिमी, दुकानात मिळते १० मिमीची सळी. पाच सूत ५/८ इंच, १५.८७५ मिमी; मिळते १६ ची. पाच सुताची जवळपास तंतोतंत आहे, तीन सुताची उलट पाच टक्के जाडच. चार सूत मात्र अर्धा इंच, १२.७ मिमी, आणि त्या नावाने येते ती १२ मिमीची. व्यासात साडेपाच टक्के फरक, पण सळीच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं: १४४ ÷ १६१.२९ = ०.८९३, म्हणजे लोखंड जवळपास पावणेअकरा टक्के कमी. इंजिनियरच्या नकाशात १२ मिमी लिहिलेलं असेल तर काहीच बिघडत नाही. जुन्या अंदाजपत्रकातले सूत बघून मिलिमीटर लावणार असाल, तर आधी रूपांतर करा.

दशांशासारखं दिसतं, पण दशांश नव्हे

६ फूट ३ इंच म्हणजे ६.३ फूट नव्हे. इंच बाराचे, म्हणून ६ ३/१२ = ६.२५ फूट. टाइल्स मोजताना याचे पैसे पडतात. १० फूट ६ इंच बाय ८ फूट ९ इंचाची खोली १०.५ × ८.७५ = ९१.८७५ चौरस फूट. तीच १०.६ × ८.९ अशी मारली तर ९४.३४. जवळपास अडीच चौरस फूट हवेतले.

२ तास ४५ मिनिटं म्हणजे २.७५ तास; २.४५ ने मजुरी काढली तर कामगाराचे १८ मिनिटांचे पैसे बुडाले. क्रिकेटमधली १२.३ षटकं म्हणजे १२ ३/६ = १२.५. त्यात १०० धावा झाल्या तर धावगती नेमकी ८, १२.३ ने भागलंत तर ८.१३ येते, आणि नेट रनरेटवरची भांडणं इथूनच पेटतात.

गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज कागदांत आणखी एक सापळा आहे. पोर्तुगीज लिखाणात दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब, आपल्या उलट. ३.४५०,७५ म्हणजे तीन हजार चारशे पन्नास पूर्णांक पंचाहत्तर शतांश. १.२५० चौरस मीटर वाचून सव्वा चौरस मीटर समजलात तर हजारपट चूक. टिंबापुढे नेमके तीन अंक दिसले की आधी हजाराचा संशय घ्या, आणि त्याच कागदावर कुठे स्वल्पविराम वापरलाय का ते शोधा. पैशांत मध्येच $ दिसतो: २$५० म्हणजे अडीच एस्कुदो. डॉलरचा इथे संबंध नाही. ते दशांश चिन्हाच्या जागी बसलं आहे.

वाटणी: इथे टक्के नकोतच

गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, निम्मी निम्मी. नवरा मृत्युपत्राशिवाय वारला आणि तीन मुलं असतील, तर बायकोचा अर्धा तिचाच राहतो, उरलेला अर्धा मुलांत सारखा: १/२ ÷ ३ = १/६ प्रत्येकी. टक्क्यांत १६.६७. बेरीज करा: ५० + १६.६७ × ३ = १००.०१. जागा ९० लाखांना विकली तर १/६ म्हणजे बरोबर १५ लाख. १६.६७ टक्के धरले तर प्रत्येकी १५,००,३००, आणि तिघांना मिळून नसलेले ९०० रुपये वाटायला लागतात. १६.६ धरले तर प्रत्येकी १४,९४,०००, आणि १८,००० रुपये कुणाचेच नाहीत.

आता समजा, तिसऱ्या मुलाने आपला हिस्सा स्वतःच्या दोन मुलांत सारखा देऊन टाकला: १/६ × १/२ = १/१२, म्हणजे ८.३३%. नवीन बेरीज ५० + १६.६७ + १६.६७ + ८.३३ + ८.३३ = १००.००. सुंदर दिसते, पण एकही लहान हिस्सा नेमका नाही; वर गेलेल्या आणि खाली आलेल्या चुकांनी एकमेकींना झाकलंय. टक्क्यांची बेरीज शंभर आली म्हणजे वाटणी बरोबर असं होत नाही. खरी तपासणी समान छेदाची: ६/१२ + २/१२ + २/१२ + १/१२ + १/१२ = १२/१२. कागदावर हेच लिहा, कंसातही टक्के नकोत.

कशाचे टक्के?

रूपांतर बरोबर असूनही उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा याच प्रश्नावर. रेस्टॉरंटच्या १,८९० रुपयांच्या बिलात ५ टक्के जीएसटी धरलेला आहे. कर किती? १,८९० चे ५ टक्के, ९४.५०, हे चूक. ५ टक्के मूळ रकमेवर आहेत; मूळ रक्कम १०० भाग, बिल १०५ भाग. कर ५/१०५ = १/२१, आणि १,८९० ÷ २१ = ९० रुपये. १८ टक्क्यांना हाच अपूर्णांक १८/११८ = ९/५९ होतो, बिलाच्या सव्वापंधरा टक्के.

नारळ ४० चा ५० झाला की २५ टक्के वाढ, ५० चा पुन्हा ४० झाला की २० टक्के घट. टक्क्यांत हे कोड्यासारखं वाटतं, अपूर्णांकात लख्ख दिसतं: १/४ ने वाढलं की परत यायला १/५ ने उतरायचं, १/३ ने वाढलं की १/४ ने. छेद एकाने वाढतो, बस. व्याज ८ वरून १० टक्के झालं तर वाढ दोन टक्केबिंदूंची, पण हप्त्यातलं व्याज फुगतं २५ टक्क्यांनी. बातमीत यातला कुठला आकडा दिलाय ते बघून घ्यावं.

टक्क्यांची सरासरीही अशीच फसवते. १०० पैकी ८० म्हणजे ८०%, २५ पैकी १५ म्हणजे ६०%. एकूण ७०% नाही. अंश अंशात, छेद छेदात मिळवा: ९५/१२५ = ७६%. ही मिळवणी फक्त गुणांच्या एकत्रीकरणाला चालते. एरवी अपूर्णांकांच्या बेरजेत असं केलं तर तो पाचवीतला गुन्हा आहे.

एक्सेलमध्ये नुसतं ३/४ टाकलं की ते तारीख समजतं. आधी शून्य, मग मोकळी जागा, मग ३/४ असं टाकलं की ०.७५ म्हणून घेतं. आणि साध्या चौकटीत आधी १५ लिहून नंतर % चं बटण दाबलं तर १५०० टक्के होतात. आधी बटण दाबून मग १५ लिहा, नाहीतर सरळ ०.१५ लिहा.